मानशीवरचं घड्याळ : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

मांडवीच्या खाडीकाठच्या एका खाजणात, मानशीवर पाण्याची पातळी मोजणारी पेटी बसवली, त्याच्या या नोंदी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते ३० जूनच्या नोंदीत कळेल. मी डिचोलीत कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. लिनक्स पोटापुरतं येतं. कर्नल (लिनक्सचा गाभा, प्रोसेसर आणि पिना सांभाळणारा) वेळ कशी सांभाळतो, हे मात्र या तीन महिन्यांआधी कधी पाहावं लागलं नव्हतं.

गोव्याबाहेरच्यांसाठी दोन वाक्यं : खाजण म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली सखल शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. या मानशीला एक झडप आहे, ती भरतीच्या दाबानं आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. शेजारच्या दारावर फळ्या आहेत, त्या हातानं उचलायच्या. मासळीची पावणी (लिलाव) ज्यांनी घेतली ते काका ओहोटीला फळी उचलून जाळं लावतात. यंदा आत कोरगूट भात पेरायचं होतं आणि खारं पाणी शेतात शिरतंय अशी कुळांची तक्रार होती. ते पाणी केव्हा आणि कुठून येतं, एवढंच शोधायचं होतं.

९ जून, रविवार

सामान : खणात पडलेला रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’), पाणी लागलं तरी चालणारे दोन अल्ट्रासॉनिक सेन्सर (एक नदीच्या बाजूला, एक आतल्या पोंयीवर, म्हणजे मानशीआतल्या तळ्यावर) आणि फळीवर दाराच्या अलार्मला लावतात तसला चुंबकी स्विच. वीज पंपाच्या खोपीतून घेतली. इंटरनेट नाही. दर रविवारी मी जाऊन मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा आणि फाइल उतरवायची.

सेन्सर ५ व्होल्टचा, पायच्या पिना ३.३ च्या. मध्ये दोन रेझिस्टर घातले. हे विसरून पाय जाळलेला एक जण माझ्याच दुकानात येऊन गेलाय, म्हणून तेवढं लक्षात होतं.

मोजणी पायथनमध्ये लिहिली. दर ६० सेकंदांनी आवाज सोडायचा, प्रतिध्वनी येईपर्यंत लूपमध्ये पिन बघत राहायचं आणि मधला वेळ घ्यायचा. फाइलीत तारीख-वेळ, दोन पातळ्या आणि फळी. संध्याकाळी पाचला सगळं चालू झालं. खूश होऊन घरी आलो.

१६ जून

आकडे नाचतायत. नदी एका मिनिटात ४० सेंटिमीटर चढते आणि पुढच्या मिनिटाला परत जागेवर.

आधी लाटांवर संशय घेतला, मग सेन्सरवर. बदली सेन्सर मागवला, ३५० रुपये गेले. तोही तसाच. शेवटी तो घरी भिंतीसमोर दीड मीटरवर ठेवून ५०० वेळा मोजलं. बहुतेक वाचनं १४९ ते १५२, पण वीसेक वाचनं मन मानेल तिथे. भिंत काही हलत नव्हती.

हिशेब केल्यावर कळलं. आवाज जाऊन येतो, म्हणून एका सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद. माझा प्रोग्राम पिनेकडे टक लावून बसला असं मला वाटत होतं, पण कर्नल मध्येच त्याला बाजूला करून दुसऱ्या कामाला प्रोसेसर देतो. माझ्या इमेजवर (कार्डावर भरलेल्या लिनक्सवर) कर्नलचा ठोका सेकंदाला २५० वेळा पडतो, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी. एक ठोका चुकला की ४००० भागिले ५८, जवळजवळ ६९ सेंटिमीटर पाणी.

प्रोग्रामला वरची प्रायॉरिटी दिली. चुका कमी झाल्या, गेल्या नाहीत. सरासरी काढणं हा तर मूर्खपणाच होता, एक वेडं वाचन नऊ शहाण्यांना घेऊन बुडतं. मध्यक घेतल्यावर बरं दिसू लागलं, पण ती मलमपट्टी झाली.

१९ जून

खरा उपाय : वेळ आपण मोजायचीच नाही. पिनेवरचा सिग्नल बदलला की इंटरप्ट (प्रोसेसरला ‘थांब, इकडे बघ’ असा इशारा) येतो, आणि त्याच क्षणी कर्नल त्या घटनेवर वेळेचा शिक्का मारून ठेवतो. लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरून तो शिक्का मागता येतो. प्रोग्राम दहा मिलिसेकंद उशिरा जागा झाला तरी शिक्का बदलत नाही. पाकीट पोस्टमननं केव्हाही आणून दिलं तरी त्यावरची तारीख जुनीच असते, तसं. चढता शिक्का, उतरता शिक्का, वजाबाकी. ५०० पैकी ५०० वाचनं एका सेंटिमीटरच्या आत.

यात दीड तास वाया गेला तो असा. तपासायला म्हणून शिक्क्याची वेळ पायथनच्या नेहमीच्या वेळेतून वजा केली, तर घटना ५४ वर्षांपूर्वी घडल्याचं उत्तर आलं. कर्नल ५.७ पासून हा शिक्का मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) घड्याळाचा असतो, आणि पायवर ते मशीन सुरू झाल्यापासून मोजतं. पायथनची वेळ १९७० पासूनची. मी बघत होतो ते उदाहरण त्याआधीच्या कर्नलचं होतं. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करायची नाही, हे तेव्हा वहीत लिहून ठेवलं. पण त्याचा अर्थ पुरता डोक्यात शिरला नव्हता.

२३ जून

तापमान. २५ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, ३२ ला ३५० च्या वर. दोन मीटरला दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. तापमानाचा सेन्सर जोडला, सूत्र घातलं. नवा प्रोग्राम पेटीत टाकला.

(दुसऱ्या दिवशी बाहेरच्या सेन्सरच्या जोडात पाणी शिरून तो बंद पडला. ते मला आठवड्यानं कळलं.)

३० जून

दुपारी फाइल उतरवली, ग्राफ काढला आणि कुळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ही या कामातली सगळ्यात मोठी चूक.

ग्राफमध्ये दिसत होतं की २६ जूनला रात्री २ वाजून १९ मिनिटांनी फळी उचलली. कुणीतरी भरतीचं वेळापत्रक काढलं. त्या वेळी पाणी चढत होतं. म्हणजे काकांनी चढत्या भरतीत दार उघडून मासळीसाठी खारं पाणी आत घेतलं! बघता बघता ग्रुपवर पन्नास मेसेज. संध्याकाळी चार जण काकांच्या दारात, आणि पुरावा म्हणून माझा ग्राफ.

काकांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "पंचमी होती ती. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारपर्यंत पाणी चढतं. मी फळी उचलली तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं रे, समोरच्या झाडावर कावळे बोलत होते. दोन वाजता कुठले कावळे?"

ज्यांनी पाऊणकी पाठ केलेली नाही त्यांच्यासाठी : तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ साधारण मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब.

२ जुलै

कावळ्यांनी झोप उडवली. ग्राफ बाजूला ठेवून कच्ची फाइल ओळीओळीनं वाचली. २६ तारखेच्या पहाटे १:०५ ची ओळ आहे. तिच्या खालची ओळ ००:१८ ची.

वेळ मागे गेली होती आणि ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रामनं ओळी वेळेप्रमाणे लावून ते गुपचूप झाकलं होतं.

झालं असं. रास्पबेरी पाय ३ वर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की वेळ गेली. म्हणून इमेजमध्ये फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाची सोय असते. ती दर तासाला त्या वेळची नोंद कार्डावर करून ठेवते, आणि सुरू होताना तीच वेळ घड्याळाला लावते. माझ्या मशीनवर ती दर तासाच्या १७ व्या मिनिटाला चालते. १:०५ ला वीज गेली. कार्डावर शेवटची वेळ ००:१७. वीज आली तेव्हा मशीननं प्रामाणिकपणे ००:१७ पासून मोजायला सुरुवात केली. इंटरनेट नाही, मग दुरुस्त कोण करणार? रविवारी मी हॉटस्पॉट लावला आणि घड्याळानं उडी मारली : फाइलीत १०:४२ नंतर थेट १३:५३. फरक ३ तास ११ मिनिटं. म्हणजे वीज आली ३:२८ ला, आणि फळी उचलली ती २:१९ अधिक ३:११, साडेपाचला. ओहोटीत.

वीज त्या आठवड्यात एकदाच गेली म्हणून हा हिशेब जमला. दोनदा गेली असती तर दोन अज्ञात आणि समीकरण एक.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. फळी उचलल्यावर आतली पातळी ९ सेंटिमीटर उतरली होती. भरतीत दार उघडलं असतं तर ती चढली असती. हे त्याच ग्राफमध्ये होतं. ग्रुपवर कुणी पाहिलं नाही, मीही नाही. बाहेरचा सेन्सर चालू असता तर वाद उभाच राहिला नसता.

३ जुलै

ग्रुपवर चूक लिहून टाकली, मग काकांकडे गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, बोलले काही नाहीत. निघताना फक्त विचारलं, "आता यंत्र काढणार की ठेवणार?" ठेवतो म्हटलं.

५ जुलै

फाइलीची रचना बदलली. करणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं, फुकट आहे.

आता प्रत्येक ओळीत तीन गोष्टी : भिंतीवरची वेळ, मोनोटॉनिक वेळ आणि बूट आयडी. भिंतीवरची वेळ म्हणजे कर्नलचं मत. ते चुकू शकतं, मागे-पुढे उडी मारू शकतं. मोनोटॉनिक म्हणजे मोजणी. मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला एवढंच ते सांगतं आणि कधी मागे जात नाही. बूट आयडी हा कर्नल दर वेळी सुरू होताना नवा बनवतो, प्रॉक फोल्डरमध्ये मिळतो. एका बूटमध्ये कधीतरी एकदा जरी बरोबर वेळ मिळाली, तरी त्या बूटच्या सगळ्या जुन्या ओळी वजाबाकीनं दुरुस्त होतात.

आत चालतं ते साधंच. पाय ३ मध्ये १९.२ मेगाहर्ट्झचा एक काउंटर अखंड पळतो, एक पाऊल ५२ नॅनोसेकंदांचं. कर्नल मागच्या वाचनापासून किती पावलं झाली ते पाहतो, एका आकड्यानं गुणतो, काही बिट सरकवतो आणि नॅनोसेकंद मिळवतो. इंटरनेटवरून वेळ मिळाली आणि फरक थोडा असला, तर तो गुणकच जरासा कमी-जास्त होतो, म्हणजे घड्याळ हळू किंवा जलद चालतं. फरक मोठा असला तर भिंतीवरच्या वेळेला थेट धक्का बसतो. मोनोटॉनिकला तो धक्का लागत नाही.

आणि बॅटरीवर चालणारं घड्याळ : डीएस३२३१ मॉड्यूल, १८० रुपये. स्फटिकाचं तापमान स्वतः मोजून दुरुस्ती करतं, म्हणून ० ते ४० अंशांत दोन पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भागांच्या) आत राहतं. आठवड्याला जास्तीत जास्त सव्वा सेकंद. स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगची वाट असते आणि दुकानदार सोबत साधा सीआर२०३२ सेल देतो, जो चार्ज करायचा नसतो. तिथला रेझिस्टर काढून टाकला. फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढलं. सुरुवातीला घड्याळ वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये "सिस्टमडी (लिनक्स सुरू होताना बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम) असेल तर बाहेर पड" अशा ओळी आहेत, त्या बंद केल्या नाहीत तर इतकं करून घड्याळ कुणी वाचतच नाही. घरी चार वेळा प्लग ओढून पाहिलं, वेळ दर वेळी बरोबर.

७ जुलै

पेटीत बसवलं. बाहेरचा सेन्सरही बदलला, जोडावर सिलिकॉन भरलं. पाऊस इतका की छत्री धरायला भाचा आणावा लागला.

१४ जुलै

फाइलीत साडेपाच तास रिकामे. ७ तारखेला मी हॉटस्पॉट लावल्या क्षणापासून साडेपाच तास एकही ओळ नाही.

साडेपाच हा आकडा दिसला की भारतीय माणसानं तिथेच थांबावं. मी डीएस३२३१ आधी दुकानात आर्डुइनोवर (एका छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर) तपासलं होतं आणि त्या उदाहरणातल्या प्रोग्रामनं त्यात लॅपटॉपची स्थानिक वेळ भरली. पाय मात्र त्यातली वेळ यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) समजतो. म्हणून सुरू होताना घड्याळ साडेपाच तास पुढे. घरी हे दिसलं नाही कारण घरात वायफाय आहे. मी बघेपर्यंत दर वेळी इंटरनेटनं चूक पुसलेली असायची. प्लग चार वेळा ओढण्याला काडीचा अर्थ नव्हता.

पण नोंदी का थांबल्या? कारण प्रोग्राम "पुढचं वाचन भिंतीवरच्या अमुक वेळेला" असं धरून बसला होता. हॉटस्पॉट लागला, घड्याळ साडेपाच तास मागे आलं, आणि तो ती वेळ परत येईपर्यंत निवांत थांबला. मोजणीला मोनोटॉनिक वापरलं होतं. वाट बघायला मात्र जुनीच वेळ राहिली होती.

आता वाट बघणंही मोनोटॉनिकवर, तेही "६० सेकंद झोप" असं नव्हे, तर "मोनोटॉनिकच्या अमुक क्षणापर्यंत झोप" असं. यामागे आणखी एक गळती सापडली : मोजायला लागणारे ०.४ सेकंद दर फेरीत मिळून दिवसाला १४४० ऐवजी १४३० ओळी येत होत्या. दहा ओळी कुठे जातात, हे मी महिनाभर विचारलंच नव्हतं.

घड्याळात यूटीसी भरलं. घरचा राउटर बंद करून पुन्हा तपासलं. बायको आणि मुलगा दोघंही रागावले.

२१ जुलै

हौस. जीपीएस मॉड्यूल आणलं, ५५० रुपये. सेकंदाला एक ठोका देतं, त्यावर कर्नल शिक्का मारू शकतो, मग घड्याळ मायक्रोसेकंदात बसतं असं वाचलं होतं. पंपाच्या खोपीच्या पत्र्याखाली उपग्रहच दिसेनात. अँटेना बाहेर काढला तेव्हा वेळ मिळाली, पण पहिली काही मिनिटं ती दोन-तीन सेकंद चुकीची. जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद) धरत नाही. २०१७ पासून ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि किती वजा करायचे हे उपग्रहाकडून येईपर्यंत मॉड्यूल आपल्या जुन्या आकड्यावर चालतं. तो संदेश साडेबारा मिनिटांतून एकदा येतो.

मग स्वतःला विचारलं, मी मोजतोय काय? भरती. तिला मिनिट पुरतं. मॉड्यूल काढून दुकानात ठेवलं. कुणाला हवं असेल तर निम्म्या किमतीत देईन.

२८ जुलै

वीज आठवड्यात सहा वेळा गेली. सहा नवे बूट आयडी, सगळ्या ओळी जागच्या जागी. हॉटस्पॉट लावल्यावर घड्याळातला फरक अर्ध्या सेकंदाहून कमी. आज पहिल्यांदा या फाइलीवर विश्वास बसला.

४ ऑगस्ट, अमावास्या

उधाणाची भरती, आणि नशिबानं आधीचे दोन दिवस पाऊस कमी. फळी बंद असताना, झडप मिटलेली असताना, आतली पातळी चढते. नदी ठरावीक उंचीच्या वर गेली की वीसेक मिनिटांत सुरुवात, आणि नदी त्या उंचीखाली आली की चढणं थांबतं. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत असं काहीच दिसत नाही. पाऊस असता तर असं उंचीला बांधलेलं वागला नसता.

या वेळी ग्राफ ग्रुपवर टाकला नाही. छापून काकांकडे नेला. त्यांनी त्या उंचीवर बोट ठेवलं, काठी घेतली आणि बांधावरून चालत गेले. मानशीपासून पंचवीस-तीस पावलांवर, झुडपाखाली, कुर्ल्यांनी पोखरलेलं भगदाड. आत हात कोपरापर्यंत गेला. बरोबर त्याच उंचीवर.

११ ऑगस्ट

भगदाड चिखल-दगडांनी बुजवलं, कुळांतले आठ जण होते. ३० जूनला काकांच्या दारात गेलेल्यांपैकी तीन जण त्यात होते. कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही.

खर्च : सेन्सर तीन मिळून १०५०, घड्याळ १८०, जीपीएस ५५० (पाण्यात), पेटी, वायर, सिलिकॉन ९००. पाय घरचाच. वेळेचा हिशेब मांडला तर दहा रविवार आणि बऱ्याच रात्री. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ पाणी मोजण्यात नाही, घड्याळामागे गेला.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सुट्टी काढून गेलो. बुजवलेल्या जागेतून आत पाणी नाही. पेटीत छोटा डिस्प्ले बसवला, भरतीचा माथा कधी आला ते त्यावर दिसतं. माथ्यावर पाणी वीसेक मिनिटं जवळजवळ हलत नाही, त्यामुळे पाच मिनिटं इकडेतिकडे धरायलाच हवीत. आजचा आकडा ११:०४.

काकांनी नारळ खाडीत सोडला, हात पुसले आणि डिस्प्ले वाचला. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा," म्हणाले. "अकरा मिनिटं मागं आहे रे तुझं घड्याळ. बघ पुन्हा वीज गेली होती का."